अण्णांची हरिकेन

मंडळी, गेले चार महिने या पानावर काही लिहिले नाही. दोघा-तिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. मी विमान बांधत होतो.

घाबरू नका, खरे नव्हे. प्लास्टिकच्या दीडेकशे तुकड्यांचे, १:३२ या मापाचे. धाकट्या चिरंजीवांनी माझ्या वाढदिवसाला खोके आणून दिले आणि म्हणाले, "बाबा, सुडोकू पुरे झालं. हे करून बघा." खोक्यावर दुसऱ्या महायुद्धातले 'हॉकर हरिकेन' हे लढाऊ विमान ढगांतून झेपावताना दाखवले होते. ते चित्र बघून मी पाच मिनिटे काही बोललोच नाही. मुलाला वाटले, भेट आवडली नाही. कारण वेगळे होते, ते पुढे सांगतोच.

आधी मापाचे गणित. शिक्षकाची खोड, दुसरे काय. खऱ्या हरिकेनच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ४० फूट. त्याला ३२ ने भागले की सव्वा फूट, म्हणजे १५ इंच. आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग त्यात गेला आणि सौ.ने चार महिने ताटे एका कडेला मांडली, याबद्दल तिचे जाहीर आभार. या मापात पावणेसहा फुटी माणूस दोन इंचांच्या थोडा वर भरतो. आणि तुमच्या ब्रशची रेघ एक मिलिमीटरने चुकली तर खऱ्या विमानावर ती बोटभर नव्हे, चांगली सव्वा इंच चुकलेली असते. इतिहास शिकवताना एवढा नेमकेपणा मी कधी पाळला नव्हता.

आता कारण सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९४२ साली वयाच्या विसाव्या वर्षी हवाई दलात भरती झाले. वैमानिक म्हणून नव्हे. ते रिगर होते. विमानाच्या इंजिनाचे काम बघतो तो फिटर, आणि बाकीच्या सांगाड्याचे, म्हणजे पंख, शेपटी, चाके, तारा, कापड यांचे काम बघतो तो रिगर. युद्ध संपल्यावर नोकरी सुटली, काही वर्षे इकडेतिकडे गेली आणि मग अंबरनाथला कारखान्यात चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. १९९१ मध्ये गेले. युद्धाबद्दल आयुष्यभरात आमच्याशी बोलले ते दहा-बारा वाक्ये असतील. "इंफाळला होतो. पाऊस फार." झाले, संपले युद्ध.

मी कॉलेजात असताना 'बॅटल ऑफ ब्रिटन' हा १९६९ चा इंग्रजी चित्रपट मुंबईत लागला होता. आम्ही चार मित्र अंबरनाथहून लोकलने जाऊन तो पाहून आलो. येताना गाडीत मी छाती फुगवून सांगितले, "आमचे अण्णा स्पिटफायर दुरुस्त करायचे." कारण चित्रपटातले सगळ्यात देखणे विमान तेच होते. पुढे एका मित्राने घरी येऊन अण्णांना स्पिटफायरबद्दल विचारले. अण्णा कंदिलाची काच पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "स्पिटफायर नव्हे. हरिकेन." आणि पुन्हा काच पुसू लागले.

एवढे होऊनही मी सुधारलो नाही, हे आज कबूल करतो. बदलापूरच्या शाळेत मी तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. दुसरे महायुद्ध आले की वर्ग जागा ठेवण्यासाठी मी अण्णांचा किस्सा सांगायचो, आणि त्यात विमान स्पिटफायरच असायचे. हरिकेन म्हटले तर पोरांना काही कळत नसे. इतिहासाच्या मास्तरानेच इतिहास फिरवला, तोही स्वतःच्या बापाचा.

आणखी एक कबुली. अण्णांची एक लोखंडी ट्रंक होती. तिच्यात त्यांचे सेवापुस्तक, दोन फोटो आणि एक वही होती. २६ जुलै २००५ च्या रात्री उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहत होतो. पाणी गुडघ्याला लागले तेव्हा मी पहिल्यांदा काय उचलले असेल? दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका. मग टी.व्ही., मग धान्याचे डबे. ट्रंक पलंगाखाली होती, ती दोन दिवसांनी आठवली. आत नुसता चिखलाचा लगदा होता. वही मी एकदाही वाचलेली नव्हती. सवडीने वाचू म्हणून ठेवली होती.

तेव्हा त्या खोक्यावरचे नाव वाचून मी गप्प का झालो, ते आले ना लक्षात?

मॉडेल जोडणाऱ्यांच्या जगात एक नियम आहे, तो मला फार आवडला. नुसते 'हरिकेन' बांधता येत नाही. कोणत्या तुकडीची, कोणत्या प्रदेशातली, कोणत्या वर्षीची, हे आधी ठरवावे लागते. कारण रंग महिन्यामहिन्याला बदलत. आमच्या क्रमिक पुस्तकात '१९३९ ते १९४५' असे लिहिले की भागत असे. इथे ब्रश उचलण्यापूर्वी तारीख सांगावी लागते. मी ठरवले, इंफाळ, १९४४ चा पावसाळा, भारतीय हवाई दलाची क्रमांक एकची तुकडी. अण्णा तिथेच होते.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळलात तर पुढचे दोन परिच्छेद ओलांडा. (विद्यार्थ्यांना हे सांगायची सोय नव्हती.)

भारतीय हवाई दलाची स्थापना १९३२ सालची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिघ रोडला पहिली तुकडी उभी राहिली, चार वापिती विमाने, मूठभर अधिकारी आणि १९ जमिनीवरचे कामगार. या कामगारांना नाव मोठे झकास होते, 'हवाई सिपाही'. हवेत उडायचे नाही, पण हवाई. युद्ध सुरू झाले तेव्हाही दल चिमुकलेच होते. १९४२ च्या सुरुवातीला जपानी ब्रह्मदेशात घुसले तेव्हा क्रमांक एकची तुकडी करुण कृष्ण मजुमदार यांच्या हाताखाली तिकडे गेली. त्यांच्याजवळची लायसँडर विमाने टेहळणीसाठी बनवलेली, संथ चालीची. त्यांनाच बाँब लटकवून या मंडळींनी जपानी विमानतळांवर हल्ले केले. त्याच वर्षी तुकडीला हरिकेन मिळाल्या, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये ती इंफाळला पोचली. तेव्हा नेतृत्व होते अर्जन सिंग यांचे, जे पुढे हवाई दलप्रमुख झाले आणि २००२ मध्ये मार्शल.

मार्च १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळला वेढा घातला. आपल्या मराठी माणसाला यातले सांगशाक हे नाव तरी ठाऊक हवे. तिथे त्या मार्चमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण छत्रीधारी सैनिकांच्या ब्रिगेडबरोबर पाण्याचीही टंचाई असताना जपान्यांना थोपवून धरत होती. त्या चारपाच दिवसांत पुढच्या बचावाला वेळ मिळाला. कोहिमाकडचा रस्ता बंद झाल्यावर इंफाळला धान्य, दारूगोळा, माणसे, सगळे विमानाने येऊ लागले, शिधा कमी करावा लागला, तो रस्ता मोकळा व्हायला २२ जून उजाडला. या सगळ्या काळात क्रमांक एकच्या हरिकेन टेहळणीला जात. दोन-दोनच्या जोडीने. एकाने खाली जंगलात नजर लावायची, दुसऱ्याने मागे राहून आभाळ राखायचे. अर्जन सिंग यांना त्या कामगिरीबद्दल डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तो खुद्द माउंटबॅटन यांच्या हातून.

आता टेबलावर येऊ.

पहिले काम वैमानिकाच्या बैठकीचे. तिथे मी पहिल्याच दिवशी अडलो. तळाचा तुकडाच सापडेना. खोके उपडे केले, सोफ्याखाली बॅटरी मारली, नातीला बक्षीस लावले. शेवटी कळले, हरिकेनला तिथे तळ नव्हताच! वैमानिकाने पाय ठेवायला दोन पन्हळी असत, आणि त्यांच्या बाजूने खाली बघितले की थेट सांगाड्याच्या नळ्या आणि तारा दिसत. हातातली पेन्सिल पडली तर गेली. ती काढायला शेपटीकडून कोण शिरत असेल, हे सांगायला नको. अंगाने बारीक असलेला रिगर. अण्णा शेवटपर्यंत काडीसारखे होते.

सिडनी कॅम यांनी आखलेली हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाली. ती दोन युगांच्या सांध्यावरची. पुढचा भाग पत्र्याचा, आणि बैठकीच्या मागचा सगळा भाग म्हणजे धातूच्या नळ्या, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि त्यावर ताणलेले तागाचे कापड. कापडावर 'डोप' नावाचे वार्निश मारायचे की ते ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होई. स्पिटफायर सगळी पत्र्याची, देखणी, वेगवान. म्हणून नाव तिचे झाले. पण १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत शत्रूची निम्म्याहून जास्त विमाने पाडली ती हरिकेननी. आणि ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर तर हरिकेनचे गुण फारच उपयोगी पडले. तिची चाके एकमेकांपासून लांब, त्यामुळे खडबडीत धावपट्टीवर ती तोल सांभाळून उतरे. कापडाच्या भागातून गोळी आरपार गेली तर भोक पडे, एवढेच. सुई, दोरा, कापडाचा तुकडा आणि डोप एवढ्यावर ती संध्याकाळपर्यंत पुन्हा तयार होई.

सुई-दोरा! हे वाचले त्या दुपारी मी हातातले काम ठेवून दिले.

आमच्या लहानपणी घरातले शिवणकाम आई करायची, पण छत्री, दप्तर आणि गादीची खोळ मात्र अण्णाच शिवत. त्यांचे ठिगळ विचित्र असे. चौकोनी तुकड्याच्या कडा ते कात्रीने नागमोडी, करवतीच्या दात्यांसारख्या कापत, आणि मगच लावत. शाळेत पोरे माझ्या छत्रीला 'मगरीची छत्री' म्हणत. मी रडून आईकडे तक्रार केली की अण्णांना सरळ ठिगळ लावता येत नाही. आई म्हणाली, "त्यांची पद्धत आहे ती."

पद्धत कुठली होती, ते साठ वर्षांनी कळले. विमानाच्या कापडी ठिगळाच्या कडा दातेरी कापत. तसे केले की वाऱ्याच्या झोतात दोरे उसवत नाहीत, आणि डोपने कड घट्ट चिकटते. अण्णा माझ्या छत्रीला हरिकेनचे ठिगळ लावत होते. युद्धाबद्दल ते बोलले नाहीत असे मी इतकी वर्षे समजत होतो. ते बोलत होते, मला लिपी येत नव्हती.

मग मी ठरवले की विमानाच्या शेपटीकडच्या भागावर एक ठिगळ हवेच. चार इंचांचे खरे ठिगळ म्हणजे माझ्या मापात तीन मिलिमीटर. सौ.च्या चहापत्तीच्या पुडीतला पातळ कागद घेतला, भिंगाखाली ब्लेडने कापला. दातेरी कडा या मापात कोणाला दिसणे शक्य नाही. तरीही दातेरीच कापली. चार तुकडे वाया गेले, पाचवा लागला.

रंगाचा भाग सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. रंगाची हवेची पिचकारी मिळते, पण माझा विश्वास ब्रशवर. रंग पाण्यात पातळ करून एकावर एक चार-पाच हात द्यायचे. पहिला हात बघून नात म्हणाली, "आबा, हे तर पुसल्यासारखं दिसतंय." धीर धर म्हटले. बदलापूरच्या जुलैत रंग वाळतच नाही हे वेगळे दुःख. एका हातानंतर दुसऱ्यासाठी दीड दिवस थांबलो आहे. हात थरथरतो, म्हणून डाव्या हाताची मूठ करून तिच्यावर उजवे मनगट टेकवायचे. खाली वहीऐवजी विमान, इतकाच फरक. पाठीवर शेवाळी हिरवा आणि मातकट तपकिरी यांचे मोठे वळणदार पट्टे, पोटाला करडा. वरून बघणाऱ्याला जंगल आणि माती वाटावी, खालून बघणाऱ्याला आभाळ.

आणि मग आली ती गोल चिन्हे. ब्रिटिश विमानांवरची तीन रंगांची वर्तुळे तुम्ही सिनेमात पाहिली असतील, बाहेर निळा, मग पांढरा, मधोमध लाल ठिपका. खोक्यात चिकटवायची चित्रे आली ती तशीच होती. पण इंफाळच्या विमानावर ती लावली असती तर मोठी चूक झाली असती. जपानी विमानांवर त्यांच्या उगवत्या सूर्याचा लाल गोळा असे. जंगलावरून झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर विमान निमिषात जाते. खालच्या तोफवाल्याला त्यात नुसते लाल काहीतरी चमकलेले दिसले की तो गोळी झाडून मोकळा होई, मग विमान आपले असो की परके. म्हणून पूर्वेकडच्या आघाडीवर विमानांच्या चिन्हातला लाल रंग काढूनच टाकला. पांढराही मंद केला. बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, असे लहानसे चिन्ह उरले. १६ इंच व्यासाचे, म्हणजे माझ्याकडे अर्धा इंच, आपल्या शर्टाच्या बटणाएवढे.

ती चिन्हे मी कंपासने वर्तुळे कापून, कागदाचा साचा करून स्वतः रंगवली. पंखांवर, कुशीला, आणि शेपटीवर छोटी पट्टी. लाल रंगाची बाटली तशीच न उघडता राहिली. गंमत बघा, त्याच दलाच्या विमानांवर स्वातंत्र्यानंतर काही काळ चक्र आले आणि मग केशरी, पांढरा, हिरवा. मार्च १९४५ मध्ये दलाच्या नावामागे लागलेले 'रॉयल' १९५० मध्ये गळून पडले. अण्णांची विमाने मधल्या काळातली. ब्रिटिशांचा लाल गेलेला आणि आपला केशरी यायचा होता.

विमान रंगवून झाले की ते खेळण्यासारखे नवेकोरे दिसते. मग ते जुने करायचे असते. इथे मला खरा धडा मिळाला. जुने करायचे म्हणजे वाटेल तिथे डाग पाडायचे नाहीत. प्रत्येक डागाला कारण लागते. जुने फोटो भिंगाने बघत बसलो. पंखाच्या मुळाशी, बैठकीच्या लगत रंग उडून पत्रा उघडा पडलेला असतो. कारण तिथे पाय देऊन वर चढतात. वैमानिक दिवसातून दोनदा चढत असेल. फिटर आणि रिगर पंचवीस वेळा. इंधनाच्या झाकणाभोवती तेलकट ओघळ, तो डबा ओतणाऱ्याच्या हाताचा. बंदुकांच्या झाकणांच्या स्क्रूभोवती खरचटलेले, ते घाईत फिरवलेल्या स्क्रूड्रायव्हरचे. इंफाळच्या लाल-तपकिरी चिखलाचा थर चाकांवर आणि पोटाखाली, कारण पावसात त्याच्याखाली पाठीवर झोपून काम चाले.

वैमानिकाची खूण विमानावर जवळजवळ कुठेच नसते. विमानाच्या अंगावर ज्या खुणा असतात त्या सगळ्या जमिनीवरच्या माणसांच्या. आणि पुस्तकांत नावे असतात ती उडणाऱ्यांची. मी वैमानिकांना कमी लेखत नाही. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० साली वैमानिक अधिकारी झाले, काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवले आणि १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झाले, याचा अभिमान मी वर्गात शेकडो वेळा सांगितला आहे. पण चढणाऱ्याला खाली पाठ देणारे कोणीतरी होते, हे एकदाही सांगितले नाही. विमान दुरुस्त करणारे हात हा आपल्या देशाच्या इतिहासातला मोठा विषय आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, तो युद्धकाळात मुख्यतः दुरुस्तीचाच झाला. युद्धानंतर कानपूरला ब्रिटिश-अमेरिकनांनी मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर बाँबफेकी विमाने याच कारखान्याच्या लोकांनी पुन्हा उडती केली. चाळिसाहून जास्त! भंगारातून उठवलेली ती विमाने १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलात होती. अण्णांसारख्या माणसांची ही करामत.

पंखाच्या मुळाशी रंग खरवडताना मला फार विचित्र वाटत होते. शिक्षा म्हणून एखादी ओळ शंभरदा लिहावी तसे वाटत होते, आणि त्याच वेळी बरेही वाटत होते. ते पाय अण्णांचे होते.

आता शेवटची गोष्ट, तीच सांगायला खरे तर बसलो होतो.

विमान पूर्ण झाले. त्याला उभे करायला पाया हवा, म्हणून प्लायवूडचा दीड फुटी चौकोन आणला आणि त्यावर धावपट्टीचा तुकडा करायचे ठरवले. त्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तोही पन्नाशीचा आहे. त्याचे मूळ गाव नेवाळीकडचे. विमान त्याने सगळ्या बाजूंनी पाहिले, ठिगळसुद्धा पाहिले. मग म्हणाला, "सर, विमान एकदम भारी झालंय. पण खाली काय करणार?"

मी म्हणालो, "धावपट्टी. इंफाळची."

तो थोडा वेळ थांबला. "सर, ती पण कोणाच्या तरी शेतातूनच गेली असंल ना?"

आमच्या भागातल्या वाचकांना त्याचा रोख कळला असेल, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमचा हा सगळा पट्टा महायुद्धाने घडवला आहे. आजचे उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातला लष्कराचा कल्याण कॅम्प. दोन हजारांहून जास्त बराकी होत्या. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखभर माणसे त्यांत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या गावाची कोनशिला बसली. आजही तिथला पत्ता 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात. या माणसांनी शून्यातून बाजार उभा केला, आणि आम्ही करंट्यांनी त्यांच्या मालावर 'यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असले विनोद केले. माझे ब्रश, भिंग आणि गोंद तिथलेच, हे आवर्जून सांगतो.

त्याच युद्धासाठी तिथून जवळच, मलंगगडाच्या बाजूला नेवाळीला, विमानांची धावपट्टी बांधली. आसपासच्या गावांची भातशेतीची जमीन त्यासाठी सरकारने घेतली. युद्ध संपले की जमीन परत मिळेल, असे सांगितले होते, हे गावकरी पिढ्यान् पिढ्या सांगत आले. युद्ध संपले, ब्रिटिश गेले, जमिनीवर सरकारचा हक्क कायम राहिला. लोक तिथे भात लावत राहिले. जून २०१७ मध्ये नौदलाच्या भिंतीचे काम सुरू झाले तेव्हा ऐन पेरणीच्या दिवसांत आंदोलन पेटले. रस्ते अडले, गाड्या जळल्या, गावकरी आणि पोलीस दोन्हीकडचे जखमी झाले. बदलापूरहून काटईकडे जाताना नेवाळी नाका लागतो, रिक्षाने जाण्याइतका जवळ.

या विद्यार्थ्याच्या आजोबांची जमीन त्यात गेलेली. तो माझ्या वर्गात तीन वर्षे बसला होता. मी त्याला नॉर्मंडी शिकवले, स्टॅलिनग्राड शिकवले, हिरोशिमा शिकवले. स्पिटफायरची थापही ऐकवली. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरे महायुद्ध पडून होते, त्याबद्दल मी अवाक्षर काढले नाही. पुस्तकात नव्हते. परीक्षेला येत नव्हते.

"तू तेव्हा का नाही बोललास रे?" मी विचारले.

"सर, आम्हाला वाटायचं तुम्ही शिकवता तो इतिहास. आमची ती कोर्टाची भानगड."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. चहा झाला. जाताना तो म्हणाला, "भाताचे बांध करायचे असतील तर सांगा, मी दाखवीन कसे असतात ते."

पुढच्या रविवारी तो आला. प्लायवूडवर आम्ही दोघांनी लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून जमीन केली. मधून धावपट्टी नेली, तिच्यावर चिखल, चाकांचे चर. आणि दोन्ही बाजूंना भातखाचरांचे बांध घातले, जे धावपट्टीपाशी येऊन तुटतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. बांध सरळ नसतात, उताराप्रमाणे वळतात, हे त्याने शिकवले. माझे दोन बांध त्याने मोडायला लावले. "असं पाणीच थांबणार नाही सर." तीस वर्षांपूर्वी मी त्याचे शुद्धलेखन असेच दोनदा लिहायला लावत असे.

विमान आता दिवाणखान्यात अण्णांच्या फोटोखाली आहे. शेपटीजवळ विमानाचा क्रमांक लिहायची जागा मी कोरी ठेवली. क्रमांक त्या वहीत असेल, आणि वही उल्हास नदीने नेली. मनाने काहीतरी आकडा घालून आणखी एक स्पिटफायर करायची नव्हती.

परवा नातीची मैत्रीण आली होती. तिने विचारले, "हे स्पिटफायर का?" नात म्हणाली, "स्पिटफायर नव्हे. हरिकेन." आणि मोबाइल बघू लागली. मान वर न करता.

असो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल तर तिच्यातली वही या आठवड्यात वाचा, सवडीची वाट बघू नका. आणि ट्रंक पलंगाखाली ठेवू नका. पावसाळा येतोच आहे.